कंट्रोल फाइलीत राहून गेलेली एक ओळ

रविवारी सकाळी मित्राचा फोन आला. "तुझा प्रोग्रॅम टाकला रे रास्पबेरी पायवर. बसला व्यवस्थित, काही कुरकुर नाही. पण उघडला की दोन सेकंदांत गुल."

रास्पबेरी पाय म्हणजे त्याचा तळहाताएवढा संगणक. माझ्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम तीन महिने बिनतक्रार चालत होता. त्यामुळे माझं पहिलं उत्तर तेच होतं, जे प्रत्येक प्रोग्रॅमर देतो आणि देताना लाजत नाही: "माझ्याकडे तर चालतोय."

प्रोग्रॅम अगदी छोटा आहे, हॅमसाठी, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं रेडिओ चालवणाऱ्यांसाठी. रेडिओला फ्रिक्वेन्सी आणि मोड (संदेश पाठवण्याची पद्धत) विचारायचा आणि आलेलं उत्तर लॉगमध्ये भरायचं, एवढंच त्याचं काम. रेडिओशी बोलण्याची खरी उठाठेव मी केलेलीच नाही, ती हॅमलिब नावाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, करते. आयकॉम, याएसू, केनवुड या सगळ्यांचे रेडिओ वेगवेगळ्या बोलीत बोलतात आणि हॅमलिब मध्ये दुभाषी म्हणून बसते. तिच्यासोबत 'रिगसीटीएलडी' नावाचा एक छोटा सर्व्हर मिळतो. तो ४५३२ क्रमांकाच्या पोर्टवर कान लावून बसतो आणि माझा प्रोग्रॅम त्यालाच प्रश्न विचारतो. हा सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर कधीकाळी दुसऱ्याच कामासाठी टाकलेला होता. मित्राच्या पायवर तो नव्हता, आणि माझ्या पॅकेजनं, म्हणजे प्रोग्रॅम ज्या गाठोड्यात बांधून पाठवला त्यानं, तो मागितलाही नव्हता.

चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती, प्रोग्रॅमबद्दलच्या माहितीत होती. या माहितीला पॅकेजिंग मेटाडेटा म्हणतात. हॅम मंडळींपैकी बरेच जण स्वतःपुरतं काही ना काही लिहितात, पण ते दुसऱ्याच्या मशीनवर बसेल असं बांधायची वेळ आली की इथेच अडखळतात. म्हणून हा पसारा एकदा नीट उलगडून बघू. मी डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमबद्दल लिहितोय, कारण उबुंटू आणि रास्पबेरी पाय ओएस दोन्ही त्याच्याच पोटातून आलेल्या आहेत. मूळ फाइलींत सगळं रोमन लिपीत असतं हे वेगळं सांगायला नको.

डेबियनचं पॅकेज म्हणजे 'डेब' फाइल. ती फोडून बघितली तर आत तीनच गोष्टी सापडतात. एक इवलीशी फाइल, जिच्यात '२.०' एवढंच लिहिलेलं असतं. तो पॅकेजच्या साच्याचा आवृत्ती-क्रमांक. दुसरं गाठोडं 'डेटा' नावाचं, त्यात प्रत्यक्ष प्रोग्रॅम. तिसरं 'कंट्रोल' नावाचं, त्यात मेटाडेटा. कोणतं पॅकेज घ्यायचं, कोणतं नको, त्याच्यासोबत आणखी काय आणायचं हे एपीटी (पॅकेजेस आणून बसवणारं डेबियनचं अवजार) ठरवतं तेव्हा ते डेटाच्या गाठोड्यात डोकावतसुद्धा नाही. सगळा निकाल लागतो तो कंट्रोलमध्ये लिहिलेल्या गोष्टींवर.

क्यूएसएल कार्ड, म्हणजे रेडिओवरच्या संपर्काची पोचपावती, गोळा करणाऱ्यांना हे लगेच पटेल. कार्डावर अँटेनाचा फोटो कितीही देखणा असो, त्यावर तारीख, यूटीसी वेळ, बँड आणि मोड नसेल तर अवॉर्डसाठी ते कार्ड कुणी धरत नाही. संपर्क झाला होता हे तुम्हाला ठाऊक असतं, पण तपासणाऱ्याला दिसतं ते कार्ड.

आता कंट्रोल फाइल. ती सोर्ससोबतच्या, म्हणजे मूळ कोडसोबतच्या, 'डेबियन' नावाच्या फोल्डरमध्ये असते आणि तिचे निदान दोन परिच्छेद असतात. वरचा परिच्छेद सोर्सचा: कोड कुणाचा, पॅकेज कोण सांभाळतं, बांधायला काय काय लागतं, मूळ प्रकल्पाचं संकेतस्थळ कुठे. खालचा परिच्छेद बांधून तयार झालेल्या पॅकेजचा. एकाच सोर्समधून अनेक पॅकेजेस निघत असतील तर खालचे परिच्छेदही अनेक. हॅमलिबच्या सोर्समधून लायब्ररी वेगळी निघते, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीच्या हेडर फाइली वेगळ्या, आणि 'रिगसीटीएल'सारखी अवजारं 'लिबहॅमलिब-यूटिल्स' या वेगळ्या पॅकेजमध्ये. माझी राहिलेली ओळ या शेवटच्या नावाची होती.

'सेक्शन' नावाची एक ओळ असते. खेळ, गणित, ध्वनी, नेटवर्क असे डेबियनचे ठरलेले विभाग आहेत आणि त्यांत 'हॅमरेडिओ' हा स्वतंत्र विभाग आहे. एवढ्याशा छंदाला अख्खी खोली दिलेली बघून मला तरी बरं वाटलं होतं.

नावाची गोष्ट मात्र जरा थांबून सांगण्यासारखी आहे. हॅम माणसाला नाव म्हटलं की कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरची त्याची अधिकृत ओळख, आठवतं, आणि कॉलसाइन जगात एकाचंच असतं. आपल्याकडे ते 'व्हीयू'नं सुरू होतं, कारण आंतरराष्ट्रीय वाटपात ती अक्षरं भारताच्या वाट्याला आलेली आहेत. सॉफ्टवेअरच्या जगात असं वाटप करणारं कुणी नाही. ज्याला जे नाव आवडेल ते तो ठेवतो.

पॅकेट रेडिओवाल्यांचा (रेडिओवरून संगणकाची माहिती पाठवणाऱ्यांचा) 'नोड' नावाचा एक जुना प्रोग्रॅम डेबियनमध्ये होता. एएक्स.२५ या प्रोटोकॉलवरून दूरच्या स्टेशननं तुमच्या मशीनशी जोडून घेतलं की त्याचं स्वागत करायचं आणि त्याला पुढे वाट दाखवायची, हे त्याचं काम. रेडिओच्या भाषेत अशा ठिकाणाला नोडच म्हणतात, त्यामुळे नाव अगदी स्वाभाविक. मग नोड.जेएस आलं. वेबच्या दुनियेत त्याचा डंका वाजू लागला आणि त्याच्या मुख्य प्रोग्रॅमचं नावही 'नोड'च. दोघांच्या फाइली वेगवेगळ्या फोल्डरांत होत्या, एक 'एसबिन'मध्ये आणि एक 'बिन'मध्ये. पण डेबियनचा नियम कडक आहे: वेगवेगळी कामं करणाऱ्या दोन प्रोग्रॅमांना एकच नाव चालत नाही. 'हे दोन एकत्र टाकू नका' असं मेटाडेटात लिहून सुटकाही होत नाही, कारण एखाद्याला दोन्ही हवे असू शकतात.

वाद लांबला. एका बाजूला मूठभर हॅम, दुसऱ्या बाजूला वेब लिहिणाऱ्यांची फौज. मूठभरांचा मुद्दाही पोकळ नव्हता. पॅकेट स्टेशन कुठल्यातरी डोंगरावर, कुलूपबंद खोलीत, माणसाशिवाय चालू असतं. रात्रीतून प्रोग्रॅमचं नाव बदललं तर ते मुकं होणार आणि कुणीतरी डोंगर चढणार. शेवटी प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीकडे गेलं आणि २०१२ मध्ये निकाल लागला: दोघांनीही नाव सोडायचं. रेडिओचा प्रोग्रॅम 'एएक्स२५-नोड' झाला, दुसरा 'नोडजेएस'. जुन्या नावाशिवाय ज्यांचं अडतंय त्यांच्यासाठी 'नोडजेएस-लेगसी' असं वेगळं पॅकेज निघालं, ज्यात जुन्या नावाचा दुवा तेवढा होता. पुढे काही वर्षांनी नोडजेएसला ते आखूड नाव परत मिळालं. रेडिओवाला मात्र 'एएक्स२५-नोड'च राहिला. तेव्हा स्वतःच्या प्रोग्रॅमला 'लॉग', 'रिग', 'बीकन' अशी नावं देण्याआधी एकदा शोधून बघा. माझ्या प्रोग्रॅमचं पहिलं नाव या तिघांपैकीच एक होतं, एवढंच सांगतो.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे अवलंबनाकडे. कशावाचून काय अडतं हे सांगणाऱ्या मुख्य ओळी तीन. 'डिपेंड्स' म्हणजे याशिवाय चालणारच नाही. 'रेकमेंड्स' म्हणजे चालेल, पण एखादा अपवाद सोडला तर सगळ्यांना हे लागतंच. 'सजेस्ट्स' म्हणजे असलं तर बरं. एपीटी पहिल्या दोन्ही गोष्टी आपणहून आणतं, तिसरी आणत नाही.

यातलं बरंच अवजारं स्वतःच शोधून काढतात, आणि तिथेच माणूस गाफील राहतो. सी भाषेतला प्रोग्रॅम असेल तर बांधून झालेल्या फाइलीत तिला लागणाऱ्या लायब्ररींची नावं कोरलेली असतात. डेबियनचं अवजार ती वाचतं आणि 'डिपेंड्स'मध्ये भरतं, अगदी कुठल्या पिढीची लायब्ररी हवी त्यासकट. हॅमलिब ३ च्या काळात पॅकेजचं नाव 'लिबहॅमलिब२' होतं. हॅमलिब ४ आल्यावर ते 'लिबहॅमलिब४' झालं, कारण जुन्या लायब्ररीवर बांधलेले प्रोग्रॅम नवीवर तसेच्या तसे चालले नसते. हे नाव तुम्ही हातानं लिहायला गेलात तर पुढच्या पिढीत चुकणारच. म्हणून तिथे एक चल (व्हेरिएबल) लिहून ठेवतात आणि बांधताना अवजार त्या जागी नाव भरतं. पायथॉनच्या प्रोग्रॅमसाठीही असाच चल आहे. 'पायप्रोजेक्ट' फाइलीत तुम्ही लिहिलेल्या मॉड्यूलांची यादी बघून तो भरला जातो.

माझा प्रोग्रॅम पायथॉनचा. मॉड्यूलांची यादी बरोबर होती, चल बरोबर भरला गेला, मी खूश. पण 'रिगसीटीएलडी' हे मॉड्यूल नाही आणि माझ्या प्रोग्रॅमला जोडलेली लायब्ररीही नाही. तो एक वेगळाच चालू प्रोग्रॅम आहे, ज्याच्याशी मी पोर्टवरून बोलतो. अवजाराच्या दृष्टीनं माझ्या कोडमध्ये ४५३२ हा नुसता एक आकडा आहे. त्या आकड्यामागे कोण बसलंय हे मलाच सांगायला हवं होतं.

मग ते 'डिपेंड्स'मध्ये सांगायचं की 'रेकमेंड्स'मध्ये? माझा हात आधी 'डिपेंड्स'कडे गेला. चटका बसलेला होता ना! पण विचार करा: काही जणांचा रेडिओ गच्चीवरच्या खोलीत असतो, त्याला जोडलेल्या पायवर हा सर्व्हर चालतो आणि ते स्वतः खाली दिवाणखान्यात लॅपटॉप घेऊन बसतात. त्यांच्या लॅपटॉपवर सर्व्हरची गरजच नाही. त्यांच्या गळ्यात तो का मारायचा? मी 'रेकमेंड्स' लिहिलं आणि सर्व्हर सापडला नाही तर गुपचूप मरण्याऐवजी स्पष्ट तक्रार करण्याचं प्रोग्रॅमला शिकवलं. उलट मत असलेले लोकही भेटले. त्यांचं म्हणणं, पायवर एसडी कार्डाची जागा वाचवायला बरेच जण 'रेकमेंड्स' बंद करून ठेवतात. ज्यानं बंद करून ठेवलंय त्यानं संदेश वाचावा, असं मला वाटतं.

असाच एक प्रश्न एफटी८ हा संगणकी मोड वापरणाऱ्या प्रोग्रॅमांचा. या मोडमध्ये पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्या असतात आणि दोन्हीकडची घड्याळं साधारण सेकंदाभराच्या आत जुळलेली हवीत, नाहीतर समोरचा सिग्नल धो-धो येत असूनही पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. म्हणजे घड्याळ जुळवणारी सेवा 'डिपेंड्स'मध्ये हवी? मी म्हणेन 'रेकमेंड्स', कारण डोंगरावर इंटरनेटशिवाय बसलेला माणूस जीपीएसवरून वेळ घेतो. आणि घड्याळ जुळवणारी पॅकेजेस तीन-चार आहेत, त्यांतलं नेमकं कुठलं हे तरी मी कोण ठरवणार? यासाठी डेबियनमध्ये आभासी पॅकेजची सोय आहे. 'टाइम-डीमन' या नावाचं खरं पॅकेज कुठेच नाही. क्रोनीसारखी पॅकेजेस आपल्या मेटाडेटात 'हे काम मी करतो' असं लिहितात आणि मग कुणीही आलं तरी चालतं.

आवृत्तीचा क्रमांक ही दिसायला सगळ्यात साधी ओळ, आणि फसवीही. एफटी८ साठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूएसजेटी-एक्सचंच उदाहरण घ्या. हा प्रोग्रॅम ज्यांच्या पुढाकारानं उभा राहिला ते जो टेलर म्हणजे १९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ आणि जुने हॅम. अंतिम आवृत्तीच्या आधी या प्रकल्पात चाचणीच्या आवृत्त्या निघतात: आधी २.७.०-आरसी१, मग आणखी काही, शेवटी २.७.०. माणसाला क्रम उघड दिसतो. डेबियनच्या हिशेबात मात्र शेवटच्या आडव्या रेघेनंतरचा भाग हा पॅकेज बांधणाऱ्याचा स्वतःचा क्रमांक असतो. म्हणजे '२.७.०-आरसी१' याचा अर्थ झाला, मूळ आवृत्ती २.७.० आणि पॅकेजची फेरी 'आरसी१'. त्यानंतर खरी २.७.० तयार करून तुम्ही तिला '२.७.०-१' म्हटलंत तर तुलनेत 'आरसी१' ही '१' पेक्षा मोठी ठरते. चाचणीची आवृत्ती टाकलेल्यांना अंतिम आवृत्ती कधी मिळतच नाही. एपीटी त्यांना सांगत राहतं की तुमच्याकडे सगळ्यात नवीन आहे.

यावर उपाय म्हणजे नागमोडी रेघ, टिल्ड. या चिन्हाचा मान इतका खालचा की ते 'काहीच नाही'च्याही आधी लागतं. '२.७.०~आरसी१' लिहिलं की ते २.७.० च्या आधी बसतं आणि प्रश्न मिटतो. आणि क्रमांकाचा पारच घोळ झाला तर? म्हणजे कुणी आधी २०१९ सारखा सालावरून क्रमांक दिला आणि मग १.० पासून नव्यानं सुरुवात केली, तर पुढे 'इपॉक' नावाचा आकडा आणि अपूर्णविराम लावता येतो. '१:१.०' हे '२०१९' पेक्षा मोठं. पण इपॉक एकदा लावला की जन्माचा चिकटला. काढला तर क्रम पुन्हा उलटा.

आर्किटेक्चरच्या ओळीत 'एनी' आणि 'ऑल' या दोन शब्दांनी भल्याभल्यांना चकवलंय. 'एनी' म्हणजे कुठल्याही प्रोसेसरसाठी बांधता येईल, पण प्रत्येकासाठी वेगळं बांधायला हवं. 'ऑल' म्हणजे एकदाच बांधा, सगळीकडे तेच चालेल. हॅमलिब 'एनी', माझा पायथॉनचा प्रोग्रॅम 'ऑल'.

वर्णनाची ओळ लोक शेवटी घाईघाईत लिहितात. शोधणाऱ्याला आधी तीच दिसते, तेव्हा तिथे थोडा जीव ओतावा. पहिली ओळ ऐंशी अक्षरांच्या आत, प्रोग्रॅमचं नाव पुन्हा न लिहिता, 'उत्कृष्ट', 'वेगवान' असली विशेषणं न लावता. खालच्या सविस्तर भागातली प्रत्येक ओळ एक जागा सोडून सुरू करायची. आणि मध्ये कोरी ओळ हवी असेल तर ती कोरी ठेवायची नाही: एक जागा आणि एक टिंब. कोरी ओळ दिसली की फाइल वाचणाऱ्याला परिच्छेद संपला असं वाटतं, आणि खालचा मजकूर त्याच्या लेखी अनोळखी होतो. या टिंबापायी माझी एक अख्खी संध्याकाळ गेलेली आहे.

परवान्याची फाइल वेगळी असते आणि तिच्यात कुठल्या फाइलीवर कुणाचा हक्क, कुठला परवाना हे ठरलेल्या साच्यात मांडतात. कंटाळवाणं काम आहे, पण रेडिओच्या क्षेत्रात ते टाळता येत नाही, याचं कारण आवाज. डी-स्टार आणि डीएमआर या डिजिटल आवाजाच्या पद्धती आवाज दाबायला (कमी जागेत बसवायला) एएमबीई नावाची बंदिस्त पद्धत वापरतात. उलट फ्रीडीव्ही या डिजिटल आवाजाच्याच पद्धतीसाठी ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रोव यांनी कोडेक२ लिहिलं, ते खुलं आहे. तुमचा प्रोग्रॅम स्वतः खुला असला, पण एखाद्या बंदिस्त पॅकेजशिवाय चालतच नसेल, तर त्याला डेबियनच्या मुख्य भागात जागा नाही. तो 'कॉन्ट्रिब' या बाजूच्या खोलीत जातो.

मेन्यूत प्रोग्रॅम कुठे दिसावा हे आणखी एका फाइलीत असतं, 'डेस्कटॉप' फाइलीत. तिथल्या प्रमाणित वर्गांतही 'हॅमरेडिओ' आहे, आणि पायथॉनच्या पॅकेज-भांडारात 'कम्युनिकेशन्स'च्या पोटात 'हॅम रेडिओ' असा वर्गही आहे. डेस्कटॉप फाइलीत नावापुढे चौकटी कंसात 'एमआर' लिहून मराठी नाव देता येतं. मी दिलंय. ज्याचा संगणक मराठीत आहे त्याला मेन्यूत 'रेडिओ नोंदवही' दिसते. असा माणूस मला अजून एकच माहीत आहे, आणि तो मी.

मेटाडेटा ही नुसती वरची पाटी नव्हे, याचा सगळ्यात मजेशीर पुरावा म्हणजे डेबियनच्या हॅमरेडिओ ब्लेंडमधली (हॅमसाठी एकत्र केलेल्या पॅकेजेसच्या संचातली) 'हॅमरेडिओ-लॉगिंग', 'हॅमरेडिओ-सॅटेलाइट' यांसारखी मेटापॅकेजेस. त्यांच्या डेटाच्या गाठोड्यात जवळजवळ काहीच नसतं. असते ती फक्त इतर पॅकेजेसची यादी. एक टाकलं की त्या कामाची बाकीची अवजारं मागोमाग येतात.

आता तपासणी. माझी चूक होऊच दिली नसती अशी अवजारं होती, मी वापरली नाहीत. 'लिंटियन' पॅकेज वाचून शंभर खोड्या काढतं, पण त्यालाही ४५३२ चं गुपित कळलं नसतं. खरा इलाज म्हणजे रिकामं मशीन. 'एसबिल्ड' दर वेळी कोऱ्या डेबियनमध्ये पॅकेज बांधतं, त्यामुळे बांधायला काय कमी पडतंय ते लगेच दिसतं. आणि 'ऑटोपीकेजीटेस्ट' बांधलेलं पॅकेज स्वच्छ जागी टाकून प्रत्यक्ष चालवून बघतं. मी त्यात एकच चाचणी लिहिली: सर्व्हर सुरू करा, त्याला हॅमलिबमधला खोटा रेडिओ द्या (क्रमांक १, खास चाचणीसाठीच ठेवलेला), आणि फ्रिक्वेन्सी विचारा. जुन्या पॅकेजवर ती पहिल्याच झटक्यात आपटली.

ओळ टाकली, चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदीत) का टाकली ते लिहिलं, फेरी '-१' ची '-२' केली आणि मित्राला पाठवलं. संध्याकाळी पुन्हा फोन. "आता उघडतोय. सोबत ते हॅमलिबचं पण घेऊन आला. पण सर्व्हर सुरू केला की म्हणतो, परवानगी नाही."

हे ओळखीचं होतं. यूएसबीच्या तारेनं जोडलेला रेडिओ लिनक्सला सीरियल पोर्ट म्हणून दिसतो, आणि ते पोर्ट उघडायला माणूस 'डायलआउट' या गटात असावा लागतो. कुठल्या माणसाला कुठल्या गटात घालायचं हे पॅकेजनं परस्पर ठरवायचं नसतं, आणि कंट्रोल फाइलीत त्यासाठी ओळही नाही. ते मी पॅकेजसोबतच्या 'रीडमी.डेबियन' फाइलीत लिहून ठेवलं होतं.

"रीडमी वाचलीस का?"

"ती कोण वाचतं रे?"

मग फोनवरच त्याला कमांड सांगितली, लॉगआउट करून परत यायला लावलं. थोडा वेळ नुसता बँडचा खरखराट ऐकू आला. मग म्हणाला, "आली फ्रिक्वेन्सी. सात शून्य चौऱ्याहत्तर."